भूगोलाचा प्रोजेक्ट: सॅटेलाईट घ्यायचं की पायपीट? नाशिककरांसाठी

गणपती उठले की दरवर्षी एमए-एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई टॉपिक फायनल करायचाय, सॅटेलाईट इमेजवर घेऊ का फील्डवर. मी ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवते, माझं स्वतःचं एमएस्सीचं काम सॅटेलाईटवर होतं आणि नंतर विहिरींवरचं एक छोटं काम पायी फिरून केलं, त्यामुळे दोन्हीकडचा मार खाल्लेला आहे. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

"सोपं कुठलं" असं विचारत असाल तर दोन्हीत सोपं काही नाही, फक्त त्रास कधी होतो ते वेगळं. फील्डवाल्याला पहिल्या दिवसापासून त्रास, ऊन, पेट्रोल, मळ्यातली कुत्री, आणि "कशाला पायजे माहिती, सरकारकडून आले का" म्हणणारे लोक. सॅटेलाईटवाल्याचे पहिले तीन महिने एकदम मजेत जातात, छान रंगीत नकाशे निघतात, गाईड खूश, घरचे खूश, आणि मग व्हायव्हाला बाहेरचे सर नकाशावर पेन टेकवून विचारतात, हा लाल ठिपका म्हणजे काय हो? तिथं गेला होतात का?

आता खर्चाचं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या इमेजचा सगळा साठा २००८ पासून फुकट आहे, पहिला लँडसॅट १९७२ चा, आणि ३० मीटरवाल्या इमेज ऐंशीच्या दशकापासून मिळतात. युरोपचा सेंटिनेल-२ २०१५ पासून, तोही फुकट, १० मीटरचा, दोन उपग्रह मिळून साधारण ५ दिवसांनी एकदा डोक्यावरून जातो. इस्रोची भुवन ही वेबसाईट आहे. नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट. लॅपटॉप रडका असला तरी गुगलच्या अर्थ इंजिनवर काम त्यांच्या सर्व्हरवर चालतं, तुम्हाला फक्त नेट लागतं आणि थोडा कोड समजून घ्यायची तयारी. फील्डला मीटर टेप, मोबाईल, कोबोसारखं फॉर्म भरायचं ॲप (हे पण फुकट आणि नेट नसलं तरी चालतं) एवढ्यात भागतं, पण पेट्रोल मोजा. नाशिकहून सुरगाणा किंवा येवला म्हणजे दिवस गेला.

तेव्हा पैशावर निर्णय होत नाही. निर्णय होतो प्रश्नावर, आणि इथंच बहुतेक पोरं उलटं करतात, आधी पद्धत ठरवतात मग तिला शोभेल असा प्रश्न शोधतात.

पिक्सेल म्हणजे काय ते एकदा आपल्या मापात बघा. लँडसॅटचा पिक्सेल ३० बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ९ गुंठे. सेंटिनेलचा १० मीटरवाला म्हणजे साधारण एक गुंठा. आता आपल्याकडच्या एखाद्या मळ्यात ९ गुंठ्यात काय काय असतं आठवा, बांध, बांधावरची बाभूळ, कांद्याची चाळ, गोठा, अर्धी बाग आणि अर्धा मोकळा तुकडा. उपग्रह या सगळ्याची एकत्र भाजी करून एकच आकडा देतो. कुठल्या पानानं किती हिरवेपणा दिला हे त्याला माहीत नसतं, आपल्यालाही नसतं.

माझी फजिती सांगते. मी निफाड-दिंडोरीकडचा जमिनीचा वापर कसा बदलला ते काढत होते, आणि ढग नकोत म्हणून सगळ्या इमेज एप्रिल-मेच्या घेतल्या, तेव्हा फार हुशारी केली असं वाटलेलं. निकाल आला तर द्राक्षाचं क्षेत्र कमी आणि पडीक जमीन भरमसाट वाढलेली! मी त्यावर दोन पानं लिहून पण टाकली, पाण्याची टंचाई, शेती सोडून जाणं वगैरे. मग एका रविवारी भावाच्या गाडीवर बसून त्यातल्या एका पडीक तुकड्यावर गेले तर समोर द्राक्षाची बाग. फक्त बोडकी. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावरची, नुकतीच झालेली, नुसत्या काड्या आणि तारा. मळ्यातले काका म्हणाले, ताई ही पडीक असती तर मी इथं काय करतोय? दुसरा ठिपका माझ्या नकाशात बांधकाम म्हणून लाल होता, तिथं गेले तर शेडनेटवर चकचकीत प्लास्टिक. हल्ली अवकाळीच्या भीतीनं बागांवरही प्लास्टिक टाकतात, म्हणजे हा घोळ पुढं वाढतच जाणार. दोन पानं काढून टाकली आणि इमेज परत निवडल्या, फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर बाग हिरवी झाल्यावरच्या, डिसेंबर-जानेवारीच्या.

म्हणजे सॅटेलाईट वाईट आहे असं नाही. शहर गंगापूर रोडनं, पाथर्डीकडं, आडगावकडं कसं पसरत गेलं हे पायी कळणारच नाही, कारण १९९५ सालात चालत जाता येत नाही. तिथं लँडसॅटला पर्यायच नाही. नांदूरमधमेश्वरचंही तसंच, गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचा इंग्रजांच्या काळातला बंधारा, गाळ साचत साचत आत बेटं तयार झाली, पक्षी आले आणि राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, तर ती बेटं कशी वाढली हे तीस-पस्तीस वर्षांच्या इमेजमध्ये सुंदर दिसतं. फक्त पाणवेलीला सांभाळा, पाण्यावर हिरवा थर आला की कॉम्प्युटर त्याला बिनधास्त शेती म्हणतो. इगतपुरीच्या मुसळधार पावसापासून येवला-मालेगावच्या कोरड्या पट्ट्यापर्यंत अख्ख्या जिल्ह्याचं काही करायचं असेल तरी सॅटेलाईटच, १५ तालुके कोण फिरणार. पण पावसाळ्यातल्या इमेजवर भिस्त ठेवू नका, त्र्यंबक-इगतपुरीकडं जुलै ते सप्टेंबर वरून नुसते ढग दिसतात. रडार वापरायचं असेल तर सेंटिनेल-१ ढगातून बघतो, पण ते शिकायला वेळ द्यावा लागेल.

शहर तापतंय हा सध्याचा सगळ्यात लाडका विषय, दर वर्षी दोघं-तिघं तरी घेतात. त्यात एक गंमत आहे ती आधीच सांगून ठेवते. लँडसॅट आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या आसपास जातो आणि तो हवेचं नाही, पृष्ठभागाचं तापमान देतो. एप्रिल-मेमध्ये शहराबाहेरची नांगरलेली काळी मोकळी रानं सकाळीच तापून निघतात, त्यामुळे नकाशात शहर आजूबाजूपेक्षा थंड दिसू शकतं. पोरं घाबरतात आणि रंगांची पट्टीच बदलून टाकतात! घाबरू नका, कोरड्या भागातल्या बऱ्याच शहरांचं दिवसा असंच दिसतं. शहराची उष्णता खरी कळते रात्री, आणि ती तुम्हाला थर्मामीटर घेऊन पंचवटीतून गंगापूर रोडपर्यंत रात्री नऊला फिरूनच मिळेल. या विषयात मी फील्डला जास्त मार्क देईन, आणि काम पण चार-पाच रात्रींचं आहे.

आता पुराचं. इथं सॅटेलाईटवर जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. ४ ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा, गोदावरीचं पाणी चढलं आणि उतरलं पण, आणि लँडसॅटचा एक उपग्रह १६ दिवसांनी एकदा येतो. आला तरी ढग. उंचीचा फुकट मिळणारा एसआरटीएम डेटा २००० सालचा आणि त्यात काही मीटरची चूक सहज असते, आणि आपल्याला तर पाणी गुडघ्याला होतं की गळ्याला हे शोधायचंय. नाशिकनं त्यासाठी गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती ठेवलाच आहे. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं, अख्खं गाव याच मापात बोलतं. एखाद्या विद्यार्थ्यानं मूर्तीची नीट मापं घेऊन, कमर किती मीटर, छाती किती मीटर, आणि २००८, २०१६, २०१९ च्या बातम्यांमधली वर्णनं त्याला जुळवून, गंगापूर धरणातून सोडलेल्या विसर्गाच्या आकड्यांशेजारी ठेवली तर तो खरा प्रोजेक्ट. सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार शटरवर हात ठेवून दाखवतात, २०१९ ला इथवर होतं. तो हात टेपनं मोजायचा. एकावर विश्वास नाही ठेवायचा, शेजारच्या तिघांना विचारायचं, कारण आठवणीतलं पाणी दर वर्षी वीतभर वाढतं. मग ते सगळं निळ्या आणि लाल पूररेषेच्या नकाशावर टाकायचं, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

भूजलाचा विषय असेल तर आकाशातून बघणारी ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी आहे, पहिली २००२ ते २०१७ चालली, २०१८ पासून तिच्या जागी ग्रेस-एफओ, पण त्यांना साधारण ३०० किलोमीटरच्या आतलं नीट दिसत नाही. ३०० बाय ३०० म्हणजे ९०,००० चौरस किलोमीटर, आणि आपला जिल्हा साडेपंधरा हजाराचा. म्हणजे सहा नाशिक मिळून एक आकडा. आपल्या बेसाल्टमध्ये तर शेजारशेजारच्या दोन विहिरींचं पटत नाही, एक भरलेली एक कोरडी. टेपला दगड बांधा आणि विहिरीत सोडा, दुसरा उपाय नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी दोन मापं तरी लागतात, म्हणजे आत्ता सुरू केलं तर पावसाळ्यानंतरचं आत्ता आणि उन्हाळ्यातलं एप्रिल-मेमध्ये. तुमची सबमिशन एप्रिलला असेल तर हा विषय सोडून द्या, नाहीतर अर्धाच होईल.

गुगल फॉर्म पाठवून "पर्यावरणाबद्दल जागरूकता" हा तिसरा पर्याय पण काही जण विचारतात. शंभर मित्रांनी भरलेला फॉर्म म्हणजे शंभर मित्र. पुढे.

सॅटेलाईट घेणाऱ्यांचा एक गैरसमज असतो, फील्ड वाचलं म्हणून. नाही वाचत. नकाशा किती बरोबर आहे हे दाखवायला प्रत्येक वर्गाचे (द्राक्ष, पडीक, बांधकाम असे) निदान ५० बिंदू तपासावेत असा जुना ठोकताळा आहे, पाच वर्ग धरले तर २५० बिंदू. सगळे पायी होत नाहीत, बाकीचे गुगल अर्थवर तपासतात, चालतं, पण तिथल्या इमेजची तारीख बघा, तुमची इमेज २०१८ ची आणि गुगलची २०२३ ची असेल तर काय तपासलं? आणि नुसता कप्पा, म्हणजे नकाशाच्या अचूकतेचा एक आकडा, किती आला तेवढं लिहून सुटू नका, २०११ मध्ये पाँटियस आणि मिलोनेस यांनी कप्पा वापरणं बंदच करा असं सरळ लिहिलंय, तरी आपल्याकडं अजून सगळे तोच छापतात. कुठला वर्ग कुठल्या वर्गात घुसला ते सांगा, माझ्या बाबतीत द्राक्ष पडीकात घुसलं तसं.

मुलींच्या घरच्यांचा प्रश्न खरा आहे, त्यावर भाषण देणार नाही. एकटीनं पेठकडं जायला परवानगी मिळत नसेल तर फील्ड शहरात आणा, नंदिनी म्हणजे आपली नासर्डी, वाघाडी, वालदेवी, या नद्या घराजवळून वाहतात आणि त्यांच्यावर काम करायला वाव चिक्कार आहे. पाण्याचा वेग बघायला संत्रं टाकायचं, १० मीटर जायला किती सेकंद लागले मोजायचं आणि आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणायचं, कारण वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं. दहावीच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो वर्गात वाचून संपवतात, तर दोन दहावीची पोरं पण घेऊन जा सोबत, घड्याळ धरायला.

मला कोणी विचारलं तू आज काय घेशील, तर मी या वर्षी पायीच घेईन. सॅटेलाईटच्या इमेज कुठं पळत नाहीत, २०२६ ची इमेज २०४० मध्येही मिळेल. पण सिंहस्थ २०२७ चा आहे, त्यासाठी नदीकाठ बदलतोय आणि तो बदल माणसाच्या उंचीवरून कोणी टिपला नाही तर नंतर मिळणार नाही. रामकुंड, तपोवन, टाळकुटेश्वराचा पूल, अशा दहा-बारा जागा पक्क्या करा, प्रत्येक जागी एकाच दगडावर उभं राहून एकाच दिशेला दर महिन्याला एक फोटो, लोकेशन चालू ठेवून (माझे पहिले चाळीस फोटो लोकेशन बंद असल्यामुळे वाया गेले). सोबत त्या जागेची सेंटिनेल इमेज ठेवा, म्हणजे दोन्ही झालं.

ज्यांचा शहराचा विस्तार किंवा अख्खा जिल्हा हा विषय आहे त्यांनी निवांत लॅपटॉप उघडा, पण द्राक्षाच्या तालुक्यांत एप्रिलची इमेज घेऊ नका. पुरावर करणाऱ्यांनी मात्र आजच टेप घेऊन निघा, या पावसाळ्यात पाणी ज्या गल्लीत शिरलं तिथं भिंतीवर चिखलाची रेघ अजून असेल. दुकानदार दिवाळीच्या रंगाला पंधरा दिवस आधीच सुरुवात करतात.