ट्रायकोकार्ड : मक्यावरील लष्करी अळीसाठी उपयोगी, पण तारीख पाहूनच घ्यावे

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि तेव्हापासून मका उत्पादकाचा फवारणीचा खर्च वाढतच गेला. त्यावर उपाय म्हणून मिळणारे ट्रायकोकार्ड मी मक्यात वापरले असून माझे मत अनुकूल आहे.

कार्ड म्हणजे धान्यात पडणाऱ्या कॉर्सिरा पतंगाची सुमारे १८ ते २० हजार अंडी चिकटवलेला जाड कागद. या अंड्यांत ट्रायकोग्रामा हा जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा मित्रकीटक वाढत असतो. तो बाहेर पडून किडीच्या अंड्यात आपले अंडे घालतो, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. चांगल्या कार्डावरील अंडी एकसारखी काळी दिसतात. एका विक्रेत्याकडून घेतलेल्या कार्डावर कीटक बाहेर पडण्याची तारीखच नव्हती. भिंगातून पाहिले तेव्हा बहुतेक अंड्यांना बारीक भोके पडलेली होती, म्हणजे कीटक आधीच निघून गेले होते. असा माल विकणे ही शेतकऱ्याची सरळ फसवणूक आहे.

कार्डाची एक मर्यादाही आहे. लष्करी अळीचा पतंग पुंजक्याने, थरावर थर अंडी घालतो आणि त्यांवर अंगावरचे केस पसरतो. खालच्या थरापर्यंत ट्रायकोग्रामा पोहोचत नाही, त्यामुळे काही अळ्या निघतातच.

या उरलेल्या अळ्यांसाठी टॅचिनिड कुळातील परजीवी माश्या शेतात असाव्या लागतात आणि कार्डाच्या भरवशावर रासायनिक फवारणी टाळली तरच त्या टिकतात. माझ्या मते कार्डाचा खरा लाभ हाच आहे. पोंग्यातून, म्हणजे मक्याच्या शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतून, काढलेल्या एका मोठ्या अळीच्या डोक्यामागे या माशीची तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी चिकटलेली दिसली. तेथे तोंड पोहोचत नसल्याने अळीला ती काढता येत नाहीत. अंडे उबण्यापूर्वी तिने कात टाकली तर ते कातेबरोबर गळून पडते आणि ती वाचते. एरवी माशीचे पिल्लू कातडी भेदून आत शिरते, श्वासासाठी बाहेरच्या हवेशी वाट राखते आणि यजमान अळी दीर्घकाळ जिवंत राहील अशा बेताने तिला आतून खाते. मी ती अळी बरणीत मक्याच्या पानांवर ठेवली. काही दिवस ती खात राहिली, मग मेली, आणि तिच्यातून निघालेल्या पिल्लाचा तपकिरी कोष झाला. म्हणजेच या माशीमुळे चालू नुकसान लगेच थांबत नाही, किडीची पुढची पिढी मात्र घटते. प्रौढ माशीला मकरंद लागतो, म्हणून बांधावर कोथिंबीर किंवा बडीशेप फुलोऱ्यावर येऊ द्यावी. उसाच्या खोडकिडीसाठी स्टर्मिऑप्सिस ही अशीच माशी प्रयोगशाळेत वाढवली जाते. मक्यासाठीही तशी सोय व्हावी, असे मला मनापासून वाटते.

वापरण्याची रीत सोपी आहे. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) तीन पतंग दिसू लागताच एकरी ५० हजार कीटक या प्रमाणात, म्हणजे साधारण तीन कार्डे, पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूस संध्याकाळी टाचावीत आणि आठवड्याने पुन्हा लावावीत. कार्डे लगेच लावता येत नसतील तर ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. आणि तारीख छापलेली नसेल तर कार्ड घेऊच नये.