व्हीपीएफ, पीपीएफ की एनपीएस: कराच्या कागदपत्रांचा भार कुठे किती?

ईपीएफच्या (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी) सक्तीच्या १२ टक्क्यांपलीकडे निवृत्तीसाठी आणखी पैसे बाजूला टाकायचे असतील, तर पगारदारासमोर तीन नेहमीच्या वाटा असतात: त्याच ईपीएफमध्ये ऐच्छिक भर म्हणजे व्हीपीएफ, पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) किंवा एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). व्याज आणि परताव्याचे तक्ते सगळीकडे मिळतात. कराच्या दृष्टीने कोणत्या खात्याचे कोणते कागद किती वर्षं जपावे लागतात, हे मात्र त्या तक्त्यांत नसतं. बहुतेकांना ते पैसे काढताना कळतं, आणि तोवर जुन्या कंपनीतून कागद मिळवणं जिकिरीचं झालेलं असतं.

'सहा-सात वर्षं ठेवा आणि मग फाडून टाका' हा सल्ला इथे पुरत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १ सप्टेंबर २०२४ पासून फेरआकारणीची (जुन्या वर्षाचा कर पुन्हा मोजण्याची) नोटीस करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून ३ वर्षं ३ महिन्यांपर्यंत काढता येते. सुटलेलं उत्पन्न ५० लाख रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर ही मुदत ५ वर्षं ३ महिने होते. म्हणजे २०२२-२३ या आर्थिक वर्षासाठी ३० जून २०२७ किंवा ३० जून २०२९. ही मुदत त्या वर्षाच्या विवरणपत्रापुरती झाली. निवृत्तीच्या खात्यातले पैसे काढले, की त्या वर्षीच्या विवरणपत्रात जुन्या वर्षांचा हिशोब नव्याने लागू शकतो.

(खालचे कलम क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू असल्याने क्रमांक बदलले आहेत. जुन्या कागदांवर अर्थातच जुनेच राहणार.)

पीपीएफ: सगळ्यात हलकं

वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख रुपये. व्याज करमुक्त, मुदतीनंतरची रक्कमही करमुक्त. त्यामुळे २०११ मध्ये किती भरले होते, असं पैसे काढताना कर खातं विचारत नाही. जुन्या करप्रणालीत ८०सी ची वजावट घेत असाल तर भरणा केल्याची पावती किंवा खात्याचा उतारा त्या वर्षापुरता हवा. व्याजाची रक्कम विवरणपत्रात करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवायची, यासाठी ३१ मार्चच्या व्याजाची नोंद असलेलं पान पुरतं.

इथे गडबड होते ती मर्यादेची आणि मुदतीची. अज्ञान मुलाच्या नावाच्या खात्यात पालकाने भरलेले पैसे आणि स्वतःच्या खात्यातले मिळून दीड लाखाची मर्यादा असते. आई एका बँकेत आणि वडील दुसरीकडे भरत असतील, तर कोणी कोणत्या खात्यात किती भरले याची वर्षवार नोंद ठेवा. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर भरणा चालू ठेवायचा असेल तर एका वर्षाच्या आत फॉर्म ४ द्यावा लागतो. तो न देता भरलेल्या पैशांवर व्याजही नाही आणि वजावटही नाही. म्हणून फॉर्म ४ ची शिक्का मारलेली पोच आणि खातं उघडल्याची तारीख दाखवणारं पहिलं पान एवढे दोन कागद खातं बंद होईपर्यंत सोडायचे नाहीत. बँका विलीन झाल्या किंवा खातं पोस्टातून बँकेत हलवलं, तर मूळ तारीख नव्या नोंदीत बरोबर आली आहे ना, हे लगेच तपासा.

व्हीपीएफ: दिसायला सोपं, कागदांत सगळ्यात जड

पगारातूनच कापलं जातं, वेगळं खातं नाही, म्हणून व्हीपीएफ बिनकटकटीचा वाटतो. १ एप्रिल २०२१ पासून ते चित्र बदललं. कर्मचाऱ्याचं वर्षाचं योगदान (सक्तीचं आणि ऐच्छिक मिळून) अडीच लाखांवर गेलं, की जास्तीच्या रकमेवरचं व्याज करपात्र होतं. त्यासाठी ईपीएफमध्येच करपात्र आणि करमुक्त असे दोन हिशोब ठेवले जातात.

समजा मूळ पगार अधिक महागाई भत्ता महिना ८०,००० रुपये आहे. १२ टक्क्यांनी वर्षाचे १,१५,२०० झाले. त्यावर महिना १५,००० व्हीपीएफ घेतला तर आणखी १,८०,०००. एकूण २,९५,२००, म्हणजे ४५,२०० रुपये मर्यादेबाहेर. पहिल्या वर्षी त्यावरचं व्याज किरकोळ असतं, कारण मर्यादा वर्षाच्या शेवटी ओलांडली जाते. पण हे ४५,२०० आणि त्यांवरचं व्याज करपात्र हिशोबात बसून राहतात आणि पुढे दरवर्षी त्यांवर करपात्र व्याज चढत जातं. पुढच्या वर्षी व्हीपीएफ बंद केला तरीही. लोक नेमके इथेच चुकतात: 'या वर्षी अडीच लाखांच्या आत आहे' म्हणून विवरणपत्रात काहीच दाखवत नाहीत.

दुसरा चकवा टीडीएसचा. करपात्र व्याज वर्षाला १०,००० रुपयांच्या (१ एप्रिल २०२५ आधी ५,०००) आत असेल तर टीडीएस कापला जात नाही, पण कर लागतोच. तेव्हा २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या वार्षिक विवरणात) नोंद शोधून भागत नाही. पासबुकातून करपात्र व्याजाचा आकडा दरवर्षी उतरवून घ्यावा लागतो. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर ईपीएफओच्या (ईपीएफ चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर पासबुक दिसत नाही. अशा वेळी ट्रस्टची वार्षिक स्लिप हाच पुरावा असतो, आणि नोकरी सोडल्यावर ती मिळवणं कठीण जातं. तुमचा पीएफ ट्रस्टकडे असेल तर दर वर्षाची स्लिप तेव्हाच्या तेव्हा मागून घ्या.

नोकरी बदलली की खरा प्रश्न उभा राहतो. सलग ५ वर्षं सेवा होण्याआधी पैसे काढले तर रक्कम करपात्र ठरते, आणि ५०,००० किंवा जास्त असेल तर १० टक्के टीडीएस कापला जातो. जुन्या नोकरीची वर्षं या पाचांत मोजली जातात, पण जुनी शिल्लक नव्या खात्यात वर्ग केली असेल तरच. ती वर्ग झाल्याचा पुरावा म्हणजे अ‍ॅनेक्शर के. त्यात सेवेचा काळ आणि वर्ग झालेली रक्कम असते. सेवेच्या तारखा नोंदीत जुळत नसतील, तर पाच वर्षं पूर्ण असूनही टीडीएस कापला जाऊ शकतो. मग विवरणपत्रात परतावा मागताना हाच कागद कामाला येतो.

पाच वर्षांआधी काढलेच, तर ज्या ज्या वर्षी योगदान झालं त्या प्रत्येक वर्षाचा कर नव्याने मोजावा लागतो: घेतलेली ८०सी वजावट परत जाते, मालकाचा वाटा आणि व्याज उत्पन्नात धरलं जातं. विवरणपत्राच्या शेड्यूल ओएसमध्ये (इतर उत्पन्नाच्या तक्त्यात) करनिर्धारण वर्षानुसार आकडे मागितलेले असतात. त्या सगळ्या वर्षांची विवरणपत्रं आणि फॉर्म १६ हाताशी नसतील तर तो तक्ता भरता येत नाही.

एनपीएस: नोंदी पक्क्या, पण वजावटीचा हिशोब तुमचा

एनपीएसचं बलस्थान म्हणजे प्रान (एनपीएसचा कायम खाते क्रमांक) नोकरी बदलली तरी तोच राहतो, आणि आर्थिक वर्षाच्या विवरणात तुमचा वाटा आणि मालकाचा वाटा वेगवेगळा दिसतो. अ‍ॅनेक्शर केसारखा प्रकार नाही. टियर १ मधून (निवृत्तीच्या मुख्य खात्यातून) शेवटी ६० टक्क्यांपर्यंतची एकरकमी रक्कम करमुक्त; अ‍ॅन्युइटीतून (उरलेल्या रकमेतून विकत घेतलेल्या पेन्शन योजनेतून) येणारं पेन्शन मात्र दरवर्षी करपात्र.

सीआरएच्या (एनपीएसच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) विवरणात जे नसतं ते तुम्हालाच लिहून ठेवावं लागतं: कोणत्या वर्षीच्या योगदानावर कोणती वजावट घेतली. स्वतःच्या वाट्याची ८०सीसीडी(१), ८०सीसीडी(१बी) ची ५०,००० ची जादा वजावट आणि मालकाच्या वाट्याची ८०सीसीडी(२), अशी तीन खाती मनात वेगळी हवीत. एकच रक्कम (१) आणि (१बी) दोन्हींत दाखवणं ही सर्रास होणारी चूक. नव्या करप्रणालीत स्वतःच्या वाट्यावर वजावट नाही, फक्त मालकाच्या वाट्यावर आहे. आणि काढलेल्या पैशांवर कर लावणाऱ्या ८०सीसीडी(३) चा शब्दप्रयोग 'ज्या रकमेवर वजावट मिळाली आहे' अशा रकमेबद्दल आहे. म्हणून वजावट न घेतलेल्या वर्षांची विवरणपत्रं जपण्याला अर्थ आहे. मधूनमधून करप्रणाली बदलणाऱ्यांनी तर ती खातं संपेपर्यंत ठेवावीत.

मार्चच्या पगारातला वाटा एप्रिलमध्ये जमा होतो, त्यामुळे फॉर्म १६ आणि सीआरएचं विवरण यांत एका महिन्याचा फरक दिसणं नेहमीचं आहे. फरक त्याहून मोठा असेल तर पगार विभागाला तेव्हाच लिहा. टियर २ चा (एनपीएसमधल्या ऐच्छिक जादा खात्याचा) विचार असेल तर प्रत्येक खरेदीची तारीख, युनिट आणि एनएव्ही (एका युनिटची किंमत) जपा. तिथे टियर १ सारखी करमाफी नाही.

मग निवड कशी करावी?

कागदांकडे लक्ष द्यायचा कंटाळा असेल आणि वर्षाला दीड लाख पुरत असतील, तर पीपीएफ. नोकरी स्थिर असेल आणि सगळं मिळून अडीच लाखांच्या आत राहत असेल, तर व्हीपीएफ. तिथे महिन्याला २०,८३३ रुपये ही लक्ष्मणरेषा धरा आणि पगारवाढ झाली की व्हीपीएफचा आकडा पुन्हा मोजा. दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याने व्हीपीएफ वाढवण्याआधी जुनी शिल्लक वर्ग झाली आहे का ते पाहावं. मालक एनपीएसमध्ये भरायला तयार असेल, तर कागदांचा थोडा त्रास सोसूनही तो मार्ग घेण्यासारखा आहे.

काहीही निवडलं तरी एप्रिलमध्ये एनपीएसचं विवरण आणि पीपीएफचा उतारा, जूनमध्ये फॉर्म १६ आणि एआयएस (कर खात्याचं वार्षिक माहिती विवरण) उतरवून आर्थिक वर्षाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका. ईपीएफचं व्याज पासबुकात बऱ्याचदा काही महिने उशिरा चढतं, म्हणून ते पासबुक दोनदा घ्या: एकदा विवरणपत्र भरण्याआधी आणि एकदा व्याजाची नोंद आल्यावर.