पहिलं साय-फाय आर्मर: फोम, थ्रीडी प्रिंट, फायबर की तयार किट? सांगलीत बसून ठरवायचं तर

साय-फाय आर्मर, म्हणजे सिनेमातल्या अंतराळातल्या सैनिकासारखं चिलखत, पहिल्यांदाच करायला घेताय आणि गाडी अडलीय ती फोम घ्यायचा, प्रिंट करायचं की सरळ बाहेरनं किट मागवायचं इथं, तर हे तुमच्यासाठी. ज्याला विचारावं तो स्वतःकडं जे मशीन आहे तेच भारी म्हणून सांगतो, त्यामुळं माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते ठरवा: पहिल्या सेटला छाती, पाठ, खांदे, हात, पाय सगळं फोममध्ये करा, हेल्मेट तेवढं प्रिंट करून घ्या, फायबरग्लासच्या नादाला आत्ता लागू नका, आणि तयार किट हे एकाच प्रकारच्या माणसासाठी असतं, तो कोण ते खाली येतंय.

पण त्याच्याही आधी हे घालून जाणार कुठं ते ठरवा. मंडळाच्या सजीव देखाव्यात रोज संध्याकाळी हॅलोजनखाली उभं राहायचंय, गॅदरिंगला दहा मिनिटं स्टेजवर जायचंय, का पुण्या-मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सिनेमाच्या चाहत्यांच्या मेळ्याला, दिवसभर फिरायचंय, ही तीन वेगळी कामं आहेत. स्टेजवर लोक लांबून बघतात त्यामुळं तिथं पुठ्ठा सुद्धा चालतो, खरंच चालतो. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं तेव्हापासून या गावानं स्टेजवर राजे बघितलेत, आणि स्टेजवरचा राजा काय लोखंड घालून येत नाही. कॉमिक कॉनला मात्र माणूस एक हातावर येऊन फोटो काढतो, खांद्यावर बोट लावून बघतो, तिथं फिनिशिंग दिसतं. आणि देखाव्याला दिसण्याच्या आधी उकाड्याचा विचार करायला लागतो कारण बिनछिद्राच्या हेल्मेटमध्ये तासभर उभं राहणं हे काय गंमतीचं काम नाही.

आता फोम. ईव्हीए फोम म्हणजे जिममध्ये खाली टाकतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या मॅट असतात बघा, लहान पोरांच्या खोलीत पण टाकतात, तोच. चपलेच्या सोलला पण हेच मटेरियल जातं, त्यामुळं ऑनलाईन कॉस्प्ले (पात्राचा पोशाख करणं) फोम म्हणून महागात घ्यायच्या आधी कोल्हापूरला चप्पल मटेरियलवाल्यांकडं एक चक्कर टाका, शीट हातात घेऊन बघता येते हा मोठा फायदा. नखानं दाबा, खड्डा लगेच भरून आला तर घ्या, तसाच राहिला तर सोडून द्या. छातीला आणि खांद्याला १० मिलिमीटर, हातापायाला ५ किंवा ६, वरच्या बारीक डिझाईनला २, एवढं घेतलं की पहिला सेट होतो. जिमच्या मॅटला एका बाजूनं खडबडीत नक्षी असते ती बाजू आत घ्यायची.

हत्यारं म्हणाल तर कटर, जादा ब्लेडचं पाकीट, हीट गन आणि सोल्युशन. सोल्युशन म्हणजे चप्पलवाले वापरतात तेच पिवळसर, फेविकॉलचं एसआर ९९८ गणपती पेठेत कुठल्याही हार्डवेअरमध्ये मागा. दोन्ही बाजूला लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग जोडायचं, आणि जोडताना नेम धरूनच जोडा कारण एकदा चिकटलं की सरकत नाही. ब्लेडच्या बाबतीत मात्र कंजूषपणा करू नका, बोथट ब्लेडनं फोम कापला जात नाही, फाटतो, आणि ती फाटकी कड पुढं कितीही रंग लावला तरी दिसतेच. हीट गन हजार-दीड हजारात येते. तिची दोन कामं, एक म्हणजे फोम गरम करून गुडघ्यावर नाहीतर पातेल्यावर दाबून गोलाई द्यायची, आणि दुसरं म्हणजे पृष्ठभाग बंद करायचा, गरम हवा फिरवली की फोमवर किंचित चकाकी येते, म्हणजे बारीक छिद्रं मिटली, मग तो रंग कमी पितो. वर पांढऱ्या फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून तीन-चार हात मारले की प्रायमरचं काम होतं, प्लास्टी डिप, म्हणजे रबरासारखा थर देणारा स्प्रे, मिळालं तर उत्तमच पण ते महाग पडतं. हे सगळं गच्चीवर करा, सोल्युशनचा वास आणि तापलेल्या फोमचा धूर दोन्ही बंद खोलीत घ्यायच्या गोष्टी नाहीत. आणि कुणी थर्माकोल सुचवला तर एवढं लक्षात ठेवा की हे सोल्युशन आणि स्प्रे पेंट दोन्ही थर्माकोलला खातात, डोळ्यादेखत वितळतो.

फोमचा दोष लपवत नाही. त्याला हातानं पॉलिश पेपर मारून आरशासारखं गुळगुळीत करता येत नाही, धारदार कोपरे लवकर दबतात, आणि हेल्मेटसारखी दोन्ही बाजूनं वळणारी वस्तू पहिल्याच झटक्यात फोममध्ये नीट उतरवणं अवघड जातं. युद्धात झिजलेलं, ओरखडे पडलेलं आर्मर करायचं असेल तर फोम राजा आहे कारण चूक पण ओरखडा म्हणून खपते. पांढरंशुभ्र, चकचकीत, फॅक्टरीतनं आत्ताच आल्यासारखं पाहिजे असेल तर फोम तुम्हाला रडवणार.

थ्रीडी प्रिंटचं उलटं आहे. आकार अगदी बरोबर मिळतो, डावा खांदा आणि उजवा खांदा सारखेच येतात, डिझाईनच्या फाईली बऱ्याच फुकट मिळतात, आणि लोकांना वाटतं की बटण दाबलं की आर्मर तयार. प्रिंट बाहेर येतं तेव्हा अर्धं काम झालेलं असतं असं पण म्हणणार नाही, त्याहून कमीच झालेलं असतं. ०.२ मिलिमीटरच्या लेयरनं, म्हणजे थरानं, केलं तरी रेघा दिसतात, त्या घालवायला १२० चा पॉलिश पेपर, मग बॉडी पुट्टी, मग २२०, मग फिलर प्रायमर, मग ४०० पाण्यात भिजवून, आणि परत जिथं रेघ दिसली तिथं पहिल्यापासून. एका हेल्मेटला हे करताना माणूस कंटाळत नाही कारण हेल्मेट हा चेहरा असतो, सगळं लक्ष तिथंच जातं. तेच दोन मांड्या, दोन पिंढऱ्या, छाती, पाठ सगळ्याला करायचं म्हटलं की अर्धवट सेट माळ्यावर जातो.

खर्चाचं बोलू. प्रिंटरमध्ये जाते ती प्लास्टिकची तार म्हणजे फिलामेंट, त्यातला नेहमीचा पीएलए हजाराच्या आसपास किलो, एका हेल्मेटला सपोर्ट (प्रिंट होताना टेकू देणारं जादा प्लास्टिक) धरून किलोभर धरा, पूर्ण सेटला पाच-सहा किलो सहज. साध्या प्रिंटरचा बेड, म्हणजे ज्यावर प्रिंट होतं ती पाटी, २२० बाय २२० मिलिमीटरचा असतो, त्यावर मोठ्या माणसाचं हेल्मेट एका तुकड्यात सहसा बसत नाही, कापून जोडायला लागतं, आणि ३०० चा बेड पाहिजे तर प्रिंटरची किंमत चढते. म्हणून स्वतःचा प्रिंटर एका आर्मरसाठी घेऊ नका, पुढं पण वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. प्रिंट करून देणारे ग्रॅमवर नाहीतर तासावर पैसे घेतात, वालचंदला किंवा दुसऱ्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी ओळखीचं असेल तर आधी तिथं विचारा. हेल्मेटला तीस ते साठ तास लागू शकतात आणि तेवढ्या वेळात आपल्याकडं लाईट जाणार नाही असं कोण सांगणार, तेव्हा प्रिंटर बंद पडून परत तिथनंच चालू होणारा आहे का हे विचारून घ्या, नाहीतर इन्व्हर्टरवर लावलाय का ते तरी बघा. आणि प्रिंटला द्यायच्या आधी डोक्याचा घेर, कपाळापासून मागंपर्यंतची लांबी आणि हनुवटीपर्यंतची उंची मापून द्या, फाईल ज्यानं बनवली त्याचं डोकं तुमच्यापेक्षा वेगळं असणार. हुशारी करायची तर आधी नुसती एक रिंग प्रिंट करून डोक्यावरनं खाली उतरते का बघायची, थोडक्या प्लास्टिकमध्ये कळतं.

आता उन्हाळा, कारण हे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडायला लागतो. एप्रिलमध्ये सांगलीत बाहेर चाळीसच्या आसपास असतं, आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीच्या आत, खास करून डॅशबोर्डवर, ६० गाठणं अवघड नाही. गाडीत ठेवलेलं काळं हेल्मेट संध्याकाळी तळलेल्या पापडासारखं वाकडं मिळेल. फिलामेंटचेच दुसरे प्रकार बघितले तर पीईटीजी ८० पर्यंत टिकतो, एबीएस शंभरच्या पण पुढं, पण एबीएस घरच्या उघड्या प्रिंटरवर वाकतो आणि वास मारतो, म्हणून मधला मार्ग पीईटीजी, थोडा जास्त तासावा लागतो एवढंच. फोमला गाडीतल्या उन्हाचा एवढा त्रास नाही, जोड मात्र बघून घ्या. पावसाळ्यात उलटा ताप, फिलामेंट हवेतलं पाणी ओढतं आणि प्रिंटला तारा सुटतात, डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायला लागतं. स्प्रे पेंट आणि वरचा क्लिअर कोट दोघांनाही पावसाळी दमट हवा सोसत नाही, वरनं पांढरट झाक येते, त्यामुळं गणपतीसाठी करत असाल तर रंगकाम जूनच्या आत उरकलेलं बरं.

प्रवासाचं पण बघा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाताय, बर्थखाली खोका सरकवला, कुणीतरी वर बॅग टाकली. फोम दबतो आणि परत येतो, पीएलए तडकतो. प्रिंटचा तुकडा तडकला तर कॉनच्या सकाळी सुपरग्लू मारून चालवून नेता येतं, पण हेल्मेट असेल तर ते हातातच न्या.

फायबरग्लास बद्दल थोडक्यात बोलणार होतो पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पद्धत अशी की कागदाचं मॉडेल घडी घालून चिकटवायचं, त्याला पेपाकुरा म्हणतात, वरनं रेझिन, आतनं फायबरची मॅट, मग पुट्टी आणि घासकाम. होतं भक्कम आणि कागदापासून सुरू होत असल्यानं सुरुवातीला स्वस्त वाटतं. पण दुकानात पॉलिएस्टर रेझिनबरोबर दोन बाटल्या देतात, एक कोबाल्टची निळी-जांभळी आणि एक हार्डनरची, म्हणजे एमईकेपी. या दोन बाटल्या एकमेकांत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं आणि मग हार्डनर, तो पण शेकडा एक-दोनच. वाफेला साधा कापडी मास्क किंवा एन ९५ काही कामाचा नाही, कार्बनचे कार्ट्रिज लागणारा रेस्पिरेटर लागतो, आणि घासताना काचेची धूळ अंगाला खाजते ती वेगळीच. गाडीच्या बॉडीचं काम करणारा कुणी जवळचा असेल, त्याच्या शेडमध्ये, त्याच्या देखरेखीखाली करणार असाल तर करा. घरात लहान मुलं असतील आणि जागा म्हणून बाल्कनी असेल तर विषय सोडून द्या.

तयार किट. तापवलेली एबीएस शीट साच्यावर ओढून आतली हवा खेचून जे तुकडे बनतात त्याला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात, स्टार वॉर्सच्या पांढऱ्या शिपायांची आर्मर अशीच होती आणि म्हणून त्या पात्रासाठी तेच सगळ्यात खरं दिसतं. बाहेरच्या देशातनं मागवलं तर चारशे-पाचशे डॉलरच्या पुढंच, वर शिपिंग, वर कस्टम. आणि किट म्हणजे तयार कपडा नाही, कडा कापायच्या, अंगाला बसवायचं, चिकटवायचं, पट्टे लावायचे हे सगळं तुमच्याच गळ्यात, फिटिंग आपल्याच अंगावर करायला एक माणूस मदतीला लागतोच. हे कुणासाठी, तर ज्याला ५०१ लीजनसारख्या, स्टार वॉर्सचे पोशाख करणाऱ्यांच्या क्लबात बसायचंय त्याच्यासाठी. १९९७ पासून चालू आहे हा क्लब आणि त्यांच्याकडं प्रत्येक पात्राचे लेखी नियम आहेत, मटेरियल कुठलं चालेल, कुठला बक्कल कुठं, सगळं. तसं डोक्यात असेल तर काहीही विकत घ्यायच्या आधी आपल्या पात्राचे नियम काढून वाचा, मग फोमवर घातलेले पैसे वाया जाणार नाहीत. तसं डोक्यात नसेल तर किटचा विचार आत्ता करू नका.

जे काही निवडाल त्यात माप सारखंच काढायचं. जुना टी-शर्ट घाला, वरनं स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, त्यावर चिकटपट्टीचे दोन थर, मग मार्करनं छातीच्या तुकड्याच्या रेघा मारा आणि कुणाला तरी मागनं जपून कापून काढायला सांगा. तो साचा पुठ्ठ्यावर सपाट करून आधी पुठ्ठ्याचं आर्मर अंगावर घालून बसा, उठा, जिना चढा. हात वर केला की छातीचा तुकडा गळ्याला लागतो का, बसलं की मांडीचा तुकडा पोटात टोचतो का, हे पुठ्ठ्यातच कळू दे.

पट्ट्यांना बॅग दुरुस्तीवाल्याकडनं नायलॉनची पट्टी आणि क्लिपचे बक्कल घ्या, रुंद इलॅस्टिक, आणि वेल्क्रो शिवून घ्या, नुसता चिकटवलेला वेल्क्रो घामानं सुटतो. आत काळे घट्ट जिमचे कपडे पुरतात. व्हायझरला ॲक्रिलिक शोधत बसण्यापेक्षा टू-व्हीलर हेल्मेटची काळी काच घेऊन कापा, आधीच वळलेली असते, फक्त संध्याकाळी तिच्यातनं नीट दिसत नाही म्हणून पायऱ्यांवर कुणीतरी सोबत ठेवा. हेल्मेटमध्ये पाच व्होल्टचा एक छोटा फॅन आणि खिशात पॉवर बँक, देखाव्याला उभं राहणाऱ्याला तर हे लागणारच.

आणि सुरुवात मनगट ते कोपर या तुकड्यापासून करा, हेल्मेटपासून नको. फोमची अर्धी शीट पण लागत नाही, कापणं, वळवणं, चिकटवणं, रंग, पट्टा सगळं त्यात एकदा होऊन जातं, आणि एका रविवारी संपतो. तो करताना मजा आली तर उरलेल्या शीट आणा आणि हेल्मेटची फाईल प्रिंटवाल्याकडं टाका. नाही आली तर खर्च हीट गनपुरताच झाला, आणि ती घरात कुणाच्या ना कुणाच्या कामाला येतेच.