जिब्रेलिक ॲसिड: अंबियाच्या संत्र्यावर हंगामभर वापरून

वरुडकडची संत्र्याची बाग, अंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. फळगळ थांबावी म्हणून मे महिन्यापासून जिब्रेलिक ॲसिड, आपल्याकडचं 'जीए', हे संजीवक (झाडाच्या वाढीवर काम करणारं रसायन) महिन्याच्या अंतराने फवारलं. तोडा संपला, आता लिहायला हरकत नाही.

आधी मात्रा, कारण पैसा तिथेच पाण्यात जातो. शिफारस १०० लिटर पाण्याला दीड ग्रॅम जीए आणि १ किलो युरिया, म्हणजे जीए १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग). हा दीड ग्रॅम शुद्ध जीएचा. ९० टक्क्यांची पावडर पाण्यात धड विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये घोळावी लागते. ४० टक्क्यांची सरळ पाण्यात जाते, पण तिचे पावणेचार ग्रॅम लागतात. मी तीच वापरली. आणि ०.००१ टक्क्याची बाटली? ती पाणी न घालता फवारली तरी १० पीपीएमच. टाकीत दोन झाकणं ओतून काय उरणार? तरी काउंटरवर तीच आधी पुढे येते.

गळ थांबली का? देठातून सुटून पडणाऱ्या हिरव्या फळांची कमी झाली. कडेच्या ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या होत्या, त्यांच्याखाली सडा जास्त पडला. फळाला धरून ठेवणारं ऑक्झिन हे संजीवक घटून इथिलीन हा पिकवणारा वायू वाढला की देठाच्या सांध्यातला पेशींचा थर सुटा होतो. उन्हाने, पाण्याच्या ताणाने होणारी ही गळ. संजीवकाचा उपयोग इथेच. ऑगस्ट-सप्टेंबरच्या झडीत देठाकडून काळं पडून गळतं ते बुरशीचं, आणि रात्री पतंगाने सोंड खुपसलेलं फळ तर गेलंच. त्याला जीए काय करणार!

स्वस्त म्हणून २,४-डी सुचवणारे बरेच भेटले. १५ पीपीएमला ते ऑक्झिनसारखं काम करतं, शिफारशीतही आहे. पण मुळात तणनाशक, आणि माझ्या धुऱ्याला लागून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. वाऱ्याने थोडं जरी उडालं तरी तिची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरत जातात. शेजाऱ्याशी वैर कोण घेईल?

तक्रार एकच, पण मोठी: रंग. जीएने सालीतला हिरवेपणा लवकर जात नाही. ज्या भागात शेवटची फवारणी सप्टेंबरअखेर झाली, तिथली फळं नोव्हेंबरातही हिरवट होती. आत गोड, पण व्यापारी भाव सालीचा करतो. साल घट्ट राहिली, फोपसी, म्हणजे साल गरापासून सुटलेली, फळं कमी निघाली, हे मात्र मान्य. लांबच्या ट्रकला माल भरणाऱ्याला ते परवडेल. मी पुढच्या अंबियाला शेवटचा हात ऑगस्टमध्येच उरकणार.