आरएनएफोल्ड : हेअरपिनपेक्षा वर्तुळाकार रेणूंसाठी अधिक मोलाचे

आरएनएची एकेरी साखळी स्वतःवरच कशी दुमडेल याचा अंदाज देणारा आरएनएफोल्ड हा प्रोग्राम १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्ना आरएनए पॅकेजचा भाग आहे आणि तो ब्राउझरमध्येही विनामूल्य चालतो. मी तो हेअरपिनसाठी, म्हणजे केसांच्या पिनेसारख्या दुमडलेल्या साखळीसाठी, वापरू लागलो. पण रेणू वर्तुळाकार आहे असे सांगणारा त्यातील छोटासा पर्याय मला आज सर्वांत मोलाचा वाटतो.

जीजीजीएसी-यूयूसीजी-जीयूसीसीसी हा चौदा न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे साखळीतील दुव्यांचा, क्रम घ्या; प्रत्येक अक्षर एका दुव्याचा बेस दाखवते आणि जी-सी, ए-यू असे बेस जोडी जमवतात. सरळ साखळी म्हणून तो दिला, की पाच जोड्यांचा देठ आणि त्यावर यूयूसीजी हे चार बेसचे वळण असा नीटस हेअरपिन मिळतो. सी-जी जोडीने बंद झालेले हे वळण विशेष स्थिर असते आणि प्रोग्रामच्या ऊर्जा-तक्त्यात त्याची वेगळी नोंद आहे. आता हीच दोन टोके जोडा. टोकाच्या जोडीपाशीच दुसरे वळण तयार व्हावे लागते आणि वळणात किमान तीन बेस लागतात, म्हणून बाहेरच्या दोन जोड्या सोडाव्या लागतात. उरलेल्या तीन जोड्यांची ऊर्जा दोन वळणांचा खर्च भरून काढू शकत नाही, त्यामुळे या गणिताप्रमाणे एकही जोडी नसलेले मोकळे कडे, म्हणजे वर्तुळच, अधिक स्थिर ठरते. वर्तुळ म्हणजे टोके चिकटवलेला हेअरपिन नव्हे, ही गोष्ट इतक्या लख्खपणे मला दुसरीकडे कुठे दिसली नव्हती.

हिशेब एकावर एक रचलेल्या शेजारच्या जोड्यांच्या रचणीवर चालतो, आणि ऊर्जा जितकी ऋण तितकी रचणी घट्ट : जीजी-सीसी रचणीला सुमारे −३.३ किलोकॅलरी प्रति मोल, तर एए-यूयूला जेमतेम −०.९. म्हणून देठ लांबवण्याआधी त्यातील जोड्यांचा क्रम पाहावा. हे आकडे आरएनएचे, ३७ अंश सेल्सिअसचे आणि १ मोलर सोडियम क्षाराच्या द्रावणातील आहेत. डीएनएसाठी वेगळा तक्ता निवडायला विसरू नये, नाहीतर उत्तर नेटके दिसेल पण चुकीचे असेल.

मर्यादाही आहेत. एकमेकांत अडकणाऱ्या गाठी, म्हणजे स्यूडोनॉट, यात धरल्या जात नाहीत. शिवाय हा प्रोग्राम एकाच रेणूचा विचार करतो, तर वर दिलेल्या क्रमासारखे हेअरपिन दाट द्रावणात जोडीने एकत्र येऊ शकतात. त्यासाठी याच संचातील आरएनएकोफोल्ड चालवावा. लहान कड्यांच्या बाबतीत मी अधिक सावध राहतो, कारण दुहेरी डीएनए सुमारे ५० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे जवळपास दीडशे जोड्यांपर्यंत, ताठ राहतो आणि तो वाकवण्याचा खर्च या गणितात येत नाही. असे कडे करायचे असेल, तर आराखडा इथे करून वितळण-तापमान, म्हणजे जोड्या सुटून घडी उलगडते ते तापमान, मात्र प्रयोगशाळेत, द्रावणातील रेणूंच्या किमान दोन वेगवेगळ्या तीव्रतांना मोजावे : तीव्रता बदलूनही ते सरकले नाही, तर घडी एकाच रेणूची आहे असे मानता येते.