कॉलेजच्या गाण्याच्या ग्रुपसाठी बेरिंजर एक्सआर१८: घ्या, पण राउटरसकट

युथ फेस्टिव्हलमधलं समूहगान असो की मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या मल्हार फेस्टिव्हलचा मंच, गाणाऱ्याला स्टेजवर स्वतःचा सूर ऐकू आला नाही की गाणं तिथेच बिघडतं. म्हणून टॅबलेटवरून वायफायने चालणाऱ्या या डिजिटल मिक्सरची मोठी जमेची बाजू आम्ही सहा ऑक्स आउट, म्हणजे स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरना वेगवेगळा आवाज पाठवायच्या वाटा, हीच मानतो. इफेक्टचे चार सेंड वेगळे असल्यामुळे सहाही ऑक्स मॉनिटरला मोकळे राहतात. छोट्या अॅनालॉग मिक्सरवर असतात एक-दोन ऑक्स, त्यातला एक रिव्हर्बच (घुमाऱ्याचा इफेक्ट) खातो.

अठरा इनपुट नेहमीच्या ग्रुपला नेमके पुरतात: सहा गायक, तबल्याला दोन, ढोलकीला दोन, हार्मोनियमला दोन, गिटार, कीबोर्डला दोन, बासरी, आणि शेवटचे दोन लॅपटॉपवरच्या तयार संगीताच्या ट्रॅकसाठी. १७ आणि १८ फक्त लाइन (कीबोर्ड-लॅपटॉपच्या जोरकस सिग्नलसाठी) आहेत, तिथे माईक चालत नाही. प्रीअँप (आतच सिग्नल वाढवणारी सोय) नसलेली, साधा पिकअप असलेली गिटार १ किंवा २ वरच लावा. हाय-झी (अशा गिटारच्या नाजूक सिग्नलला लागणारी) सोय त्याच दोघांवर आहे. बाकीच्या चॅनलवर तिचा आवाज पातळ आणि मेलेला येतो.

गेन (चॅनलवर येणाऱ्या सिग्नलची पातळी) लावताना सगळ्यात जोरकस ओळ गाऊन घ्या आणि मीटर उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. गायकांचा लो-कट (त्याखालचे खर्जाचे आवाज कापणारा फिल्टर) १०० ते १२० हर्ट्झ. डग्ग्याला हाच आकडा लावला तर त्याची घुमक जाते, तिथे ४०-५०च्या वर जाऊ नका. मॉनिटरचे सेंड प्री-फेडर (समोरच्या आवाजाच्या फेडरच्या, म्हणजे सरकपट्टीच्या, आधी घेतलेले) करा, नाहीतर समोरचा आवाज वाढवला की मॉनिटरही वाढतो आणि शिट्टी सुरू होते. ऑक्सवर ३१ बँडचा ग्राफिक ईक्यू मिळतो, म्हणजे आवाजाच्या ३१ पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करता येतात. माईक उघडे ठेवून मॉनिटर हळूहळू वाढवा. जी पट्टी आधी वाजेल ती ३ ते ६ डेसिबलने खाली. चार-पाच पट्ट्यांवर थांबा, त्यापुढे आवाजच पोकळ होतो. शिट्टी बहुतेकदा हार्मोनियमचा माईक देतो. तो हार्मोनियमपासून वीतभर अंतरावर आणि मॉनिटरकडे पाठ करून ठेवला की निम्मं काम झालं.

आता खरी उणीव. आतलं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे आणि त्यावर एकावेळी चारच उपकरणं जोडता येतात. रिकाम्या हॉलमध्ये ते छान चालतं. प्रेक्षक भरले, शेकडो मोबाइल आले, त्यात २.४वर चालणारे स्वस्त वायरलेस माईक असले, की टॅबलेट तुटतो. आवाज सुरूच राहतो, पण फेडर हातात राहत नाही, आणि या पेटीवर फेडर नाहीतच. म्हणून ५ गिगाहर्ट्झचा राउटर वेगळा घ्या, मिक्सरचा स्विच इथरनेटवर ठेवा आणि राउटर डोक्याच्या वर टांगा. माणसांची गर्दी सिग्नल शोषते. राउटरला पासवर्ड हवाच. टॅबलेट तुटलाच तर मिक्सर चालवायला एक लॅपटॉप केबलने त्याच राउटरला जोडलेला असावा. राउटर आणि मिक्सर एकाच यूपीएसवर घ्या. हा खर्च मिक्सरच्या किमतीतच धरायचा.

ट्रॅकच्या लॅपटॉपला चार्जर लावला की घरघर येते, कारण लॅपटॉप आणि साउंड यांच्या अर्थिंगमध्ये लूप तयार होतो. ग्राउंड लिफ्ट (अर्थिंगची जोड तोडणारा स्विच) असलेला डीआय बॉक्स ही छोटी पेटी मध्ये घाला. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. डीआयमधून माईक लेव्हल बाहेर येते, त्यामुळे ट्रॅक मग १७-१८वर नाही, माईक चॅनलवर घ्या आणि कीबोर्ड १७-१८वर हलवा.

स्नॅपशॉट (एकत्र साठवलेली सगळी सेटिंग्ज) ६४ साठवता येतात. तालमीचा स्नॅपशॉट स्पर्धेला वेळ वाचवतो, पण मॉनिटरचा ईक्यू त्या हॉलचा असतो. नव्या जागी तो पुन्हा लावावाच लागतो.

स्पर्धेत बहुतेकदा हाउसच्या (सभागृहाच्या) मिक्सरला दोनच केबल द्यायच्या असतात. आपला मेन आउट लाइन लेव्हलचा आहे. तो त्यांच्या माईक इनपुटला गेला तर आवाज फाटतो, म्हणून त्यांना पॅड (सिग्नल कमी करणारा) लावायला किंवा लाइन इनपुट द्यायला सांगा, आणि त्या दोन चॅनलचं फँटम (माईकला जाणारी वीज) बंद करून घ्या.

रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर होत नाही. यूएसबीने लॅपटॉप जोडला तर अठराही ट्रॅक वेगळे मिळतात, म्हणजे कोण बेसूर होतं ते दुसऱ्या दिवशी एकेकाला ऐकवता येतं.