लायसिन जेल: मांजराच्या हर्पीससाठी घ्यावी का?

वरचेवर शिंका, एका डोळ्यातून सतत पाणी, सकाळी चिपडं. असं मांजर असलेल्या घरात लायसिन या अमिनो आम्लाची ट्यूब हमखास सापडते. ऑनलाइन ती जेल, पावडर आणि खाऊ अशा तिन्ही रूपांत मिळते. हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या सगळ्या प्रकाराचं आहे, कारण आतला घटक एकच. आमचं मत स्पष्ट आहे: घेऊ नका.

मांजराचा हर्पीस विषाणू, एफएचव्ही-१, एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसतो आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. त्याला वाढायला आर्जिनिन हे अमिनो आम्ल लागतं. लायसिन भरपूर दिलं की आर्जिनिन मागे पडेल आणि विषाणूची वाढ खुंटेल, असा हिशेब आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये तो जुळला, पण तिथे आर्जिनिन मुद्दाम फारच कमी ठेवलेलं होतं. जिवंत मांजराला लायसिन दिलं की रक्तातलं लायसिन वाढतं, आर्जिनिन मात्र होतं तेवढंच राहतं. राहतं तेच बरं, कारण मांजराला ते पुरेसं स्वतः बनवता येत नाही. आर्जिनिन नसलेलं एकच जेवण पोटात गेलं तरी काही तासांत रक्तात अमोनिया चढतो.

२००२ सालच्या एका छोट्या प्रयोगात दिवसातून दोनदा ५०० मिग्रॅ लायसिन दिलेल्या मांजरांचे डोळे थोडे कमी सुजले होते. पुढे निवाऱ्यांमधल्या मांजरांना अन्नातून ते दिलं तेव्हा फायदा दिसला नाही, काही ठिकाणी तर आजार जास्तच तीव्र झाला. २०१५ मध्ये सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संशोधकांनी लायसिन देणं थांबवा असंच सांगितलं. मग इतक्या जणांना गुण येतो तो कसा? उसळलेला आजार बहुतेकदा दहा-चौदा दिवसांत आपोआप ओसरतो. जेल सुरू होते ती नेमकी त्याच दिवसांत, आणि श्रेय तिला मिळतं.

वापरायलाही ती सोपी नाही. नेहमीचा डोस मोठ्या मांजराला ५०० मिग्रॅ दोनदा. १.२५ मिलीत २५० मिग्रॅ असलेली जेल घेतली तर रोज ५ मिली लागते आणि १५० मिलीची ट्यूब महिन्यात संपते. पंजावर लावलेली जेल मांजर चाटतं, नाहीतर झटकून भिंतीला लावतं. मग मानगूट धरून तोंडात घालणं आलं, तेही रोज दोनदा. ताणाने उसळणाऱ्या आजारावर रोज दोनदा ताण द्यायचा, हा आमचा सर्वांत मोठा आक्षेप. घरात ट्यूब असेलच तर घटकांची यादी वाचा. प्रोपिलीन ग्लायकॉल असेल तर ती फेकून द्या, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी खराब होतात. लायसिन एकदम बंद केलं तरी काही बिघडत नाही.

हाच पैसा आणि वेळ कुठे लावावा? आधी ताणावर. ताणानंतर विषाणू बाहेर पडायला साधारण आठवडा जातो, म्हणून दिवाळीच्या फटाक्यांचा किंवा घराच्या रंगकामाचा परिणाम आठवड्याने शिंकांत दिसतो. त्या दिवसांत लपायला पुठ्ठ्याचं खोकं, शांत खोली आणि ठरल्या वेळी जेवण द्या. शौचाच्या पेट्या मांजरांपेक्षा एक जास्त ठेवा. लस विषाणू घालवत नाही, पण आजार सौम्य ठेवते, तेव्हा ती चुकवू नका.

नाक चोंदलं की वास येत नाही आणि मांजर जेवण सोडतं. उकडलेलं, बिनमिठाचं चिकन कोमट करून द्या, गरम पाणी सोडलेल्या न्हाणीघरात १० मिनिटं बसवा. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर दवाखाना गाठा, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते. डोळा मिटून धरला असेल तर घरातले स्टिरॉइडचे थेंब अजिबात घालू नका. बुबुळावर व्रण असला तर तो खोल जातो. आधी फ्लुरेसिनचा रंग घालून तपासणी व्हायला हवी.

उसळी जोरात असेल तर पशुवैद्यांशी फॅमसिक्लोविर या विषाणूविरोधी औषधाबद्दल बोला. अभ्यासांतला डोस वजनाच्या दर किलोला ९० मिग्रॅ, दिवसातून दोनदा. ४ किलोच्या मांजराला ३६० मिग्रॅ, म्हणजे २५० मिग्रॅची साधारण दीड गोळी. मूत्रपिंड अशक्त असेल तर दोन डोसांमधलं अंतर वाढवावं लागतं, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासून घ्या. तुकडा जिभेला लागला की तोंडातून फेस येतो. तो रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून द्या आणि मागोमाग सिरिंजने गालाच्या बाजूने ५ मिली पाणी हळूहळू पाजा. इथेही मांजराला धरावं लागतं, पण औषध खरोखर काम करतं आणि काही आठवड्यांत संपतं.

औषध माणसांच्या केमिस्टकडेच घ्यावं लागतं, तेव्हा पट्टीवरचं नाव स्वतः वाचा. फॅमसिक्लोविर नाही म्हणून व्हॅलासिक्लोविर दिलं तर घेऊ नका, त्याने मांजराचं यकृत, मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा निकामी होऊन जीव जाऊ शकतो. असायक्लोविरची गोळीही नको.